तुम्ही पाण्याखाली असताना नवरा काय करणार, प्लॅन तिथून सुरू करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा स्कूबा डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, तीसेक डायव्ह झाल्यात, नवऱ्याला पोहता येतं पण पाय टेकत नाहीत तिथे तो घाबरतो आणि डायव्हिंग शिकायचं नाही हे त्याचं पक्कं आहे. फेब्रुवारीत आठ दिवस आहेत, पुण्याहून निघायचंय, अंदमान, मालदीव की बाली यात अडकलाय. आणि गेल्या ट्रिपला तो रोज अर्धा दिवस हॉटेलच्या खोलीत मोबाइल बघत बसला, घरी आल्यावर त्यावरून दोन दिवस अबोला झाला, ते यंदा नको.

मी मूळचा मालवणचा, सोळा वर्षं डायव्हिंग शिकवतोय, त्यातले सहा सीझन अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर काढलेत. माझी बायको डायव्ह करत नाही, लहानपणी कानाचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे तिला ते करताच येत नाही, म्हणजे तुमचा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. उत्तर आधी सांगून टाकतो, फेब्रुवारी आणि आठ दिवस असतील तर अंदमान. पण का आणि कसं ते नीट वाचा, कारण चुकीच्या पद्धतीने अंदमानला गेलात तर गेल्या वर्षीचंच परत होईल.

बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात, मग डायव्ह शॉप, आणि मग तिकिटं काढून झाल्यावर "तू काय करशील रे?" असं विचारतात. उलट करायला पाहिजे. डायव्हरचा दिवस डायव्ह शॉप आखून देतं, तुम्हाला काही करावं लागत नाही, कुणीतरी टँक भरतं, कुणीतरी बोट काढतं, कुणीतरी मासे दाखवतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा दिवस मात्र कुणीच आखत नाही. ते काम तुमचं आहे, आणि ते तिकिटं काढायच्या आधी करायचंय.

आता घड्याळ बघू. हॅवलॉकला साधारण साडेसहाला शॉपवर हजर, सातच्या आसपास बोट निघते, पहिला डायव्ह, मग तासाभराची विश्रांती, मग दुसरा, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत साडेअकरा-बारा. मग गिअर धुणं, अंघोळ, लॉगबुक, जेवण. जेवल्यावर डायव्हरला अशी काही झोप येते की विचारू नका, आणि इथेच घोळ होतो. कारण अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे फेब्रुवारीत साडेपाचलाच सूर्य बुडतो. तुम्ही दोनला झोपून साडेचारला उठलात, चहा घेतलात, तर राधानगर बीचला पोहोचेपर्यंत अंधार. म्हणजे नवऱ्याने सकाळ एकट्याने काढली, दुपार तुमच्या घोरण्याशेजारी काढली, आणि संध्याकाळ झालीच नाही. असं सलग चार दिवस झालं की माणूस मोबाइलच बघणार, त्यात त्याची काय चूक आहे?

म्हणून माझे दोन नियम, यात मी तडजोड करत नाही. पहिला, आठ दिवसांत तीनच सकाळी डायव्ह करायच्या, तिन्ही सलग नाही, मध्ये एक दिवस पूर्ण कोरडा. तीन सकाळी म्हणजे सहा डायव्ह, तीसेक डायव्ह झालेल्या माणसाला ते भरपूर आहेत. दुसरा, डायव्हच्या दिवशी दुपारी अर्धा तासच पडायचं, गजर लावून, आणि तीन वाजता स्कूटरवर बाहेर.

तिसरा एक आहे तो पैशाचा, आणि तो बोलायला जड जातो पण बोलतो. तुमच्या सहा डायव्हला जेवढा खर्च येणार आहे तेवढीच रक्कम नवऱ्याच्या नावावर वेगळी काढून ठेवा. त्याने ती मासेमारीच्या बोटीवर उडवावी, मसाजवर उडवावी, बऱ्या रूमवर उडवावी, त्याचा प्रश्न. एकाच्या हौशीवर तीस हजार आणि दुसऱ्याला "तू आराम कर ना" हे हिशोबात बसत नाही, आणि आपली माणसं तोंडाने बोलत नाहीत पण मनात धरतात.

आता बोटीबद्दल, कारण सगळ्यात जास्त ट्रिपा इथे बिघडताना बघितल्यात. "तू पण चल की बोटीवर, मजा येईल" हे प्रेमाने बोललेलं वाक्य आहे पण विचार करून बोला. मला एक जोडपं आठवतं, तुमच्यासारखंच, बायको डायव्हर. जॉनीज गॉर्ज नावाची साइट आहे, लांब उघड्या समुद्रात, पोहोचायलाच तासाच्या वर लागतो, आणि मासे बघायचे तर वीस-पंचवीस मीटर खाली जावं लागतं. नवरा हौसेने आला. आम्ही सगळे खाली गेलो आणि तो डुंगीवर, अंदमानात त्या लाकडी बोटीला डुंगी म्हणतात, बोटवाल्याबरोबर एकटा. अँकर टाकलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डोलते, त्यात डिझेलचा वास, डोक्यावर जेमतेम एक ताडपत्री. पाऊण तासाने आम्ही वर आलो तेव्हा तो टँक ठेवायच्या लाकडी चौकटीला दोन्ही हातांनी धरून खाली मान घालून बसला होता, ओठ पांढरे पडलेले. बायको मास्क काढता काढताच सांगत होती, अरे बाराकुडा माशांचा केवढा थवा होता माहितीये, आणि तो फक्त मान हलवत होता. अजून एक डायव्ह बाकी होता. संध्याकाळी तो शॉपवर आला आणि मला एकच विचारलं, उद्या पोर्ट ब्लेअरला पहिली फेरी किती वाजता आहे.

तेव्हा बोटीवर न्यायचं असेल तर शॉपला आदल्या दिवशी विचारा, साइट कुठली आहे आणि तिचा माथा किती खोल आहे. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज असल्या साइटचा वरचा भागच इतका खाली आहे की वरून स्नॉर्कलिंग करणाऱ्याला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणाऱ्याला, नुसतं निळं दिसतं, बाकी काही नाही. लाइटहाउस, ॲक्वेरियमसारख्या उथळ साइट असतील तर प्रश्न वेगळा, तिथे वरूनही बरंच दिसतं, आणि तरीसुद्धा त्याच्यासोबत पाण्यात थांबायला वेगळा माणूस देणार का ते विचारायचं, कारण डायव्हमास्टर तुमच्याबरोबर खाली असणार. बोटीवर सावली आहे का, पाण्यातून वर यायला शिडी आहे का, आणि टॉयलेट आहे का, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. बऱ्याच डुंग्यांवर टॉयलेट नसतं आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे नवऱ्याने घ्यायला हरकत नाही पण तुम्ही डायव्ह करणार असाल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. आलेपाकाची वडी खिशात ठेवा, थोडा फरक पडतो.

आता स्नॉर्कलिंगकडे येतो आणि इथे जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या नवऱ्यासाठी खरी चावी हीच आहे. आपल्याकडे स्नॉर्कलिंग म्हणजे डायव्हिंग न जमलेल्यांसाठी काहीतरी असं धरतात, ते साफ चुकीचं आहे. पाण्यात खाली जाल तसा लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, पाच-दहा मीटरमध्येच बराच गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. पंचवीस मीटरवर तुम्हाला टॉर्च मारल्याशिवाय सगळं निळं-राखाडी दिसतं. तोच नवरा कमरेएवढ्या पाण्यात पालथा पडला तर त्याला सगळे रंग फुकटात दिसतात, वर सूर्य असतो, आणि हवा संपायची भीती नाही.

माझ्या बायकोचं सांगतो. पाण्याला ती भीतच होती. हॅवलॉकशेजारच्या नील बेटावर, भरतपूर बीचला ओहोटी सुरू झालेली, गुडघाभर पाणी, मी तिला फक्त मास्क दिला, स्नॉर्कलसुद्धा नाही. म्हटलं वाकून तोंड पाण्यात घाल, दहा आकडे मोज, वर ये. पाचसहा वेळा केलं. मग स्नॉर्कल लावलं, उभ्यानेच, पाय वाळूवर, तोंड पाण्यात, नुसता श्वास. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलेलं की संध्याकाळपर्यंत बोटांचे वण होते. पंधरा मिनिटांनी ती पकड हळूहळू सैल झाली आणि मग सुटलीच. तिला एक जायंट क्लॅम दिसला होता, मोठा शिंपला, निळ्या-जांभळ्या ओठांचा. तिची सावली पडली की तो मिटायचा, ती बाजूला झाली की हळूहळू उघडायचा, परत सावली, परत मिटायचा. चाळीस मिनिटं ती त्या एका शिंपल्यावर होती. आजही कुणी अंदमानचा विषय काढला की ती त्याचीच गोष्ट सांगते, हाताचा पंजा मिटून उघडून दाखवते.

नवऱ्याला असंच आणायचं. पाय टेकतील इतक्या पाण्यात, सपाट समुद्रात, आणि तुम्ही नाही तर दुसऱ्या कुणीतरी. हे फार महत्त्वाचं आहे. नवरा-बायकोने एकमेकांना पाण्यात शिकवू नये, गाडी शिकवण्यासारखंच आहे ते, घाबरलेला माणूस आपल्या माणसावर चिडतो आणि शिकवणारा घाई करतो. मी स्वतः इन्स्ट्रक्टर असून त्या पहिल्या दिवसानंतर बायकोला सहकाऱ्याकडे सोपवलं. हॅवलॉकच्या शॉपमध्ये पैसे देऊन एक तासाचा माणूस मिळतो, घ्या.

सामानात दोन गोष्टी बघा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, पण साधा मास्क देऊन पाण्यात सोडलं तर त्या माणसाला धूसर हिरवं सोडून काही दिसत नाही आणि तो म्हणतो "काय विशेष नाही". दुसरं म्हणजे मिशी. मिशी असली की नाकाखाली मास्क नीट चिकटत नाही, पाणी आत येत राहतं, नाकात जातं, आणि माणसाला वाटतं आपल्याला जमतच नाही. नाकाच्या लगेच खालची एक बारीक पट्टी ट्रिम केली की काम होतं, बाहेरून कळतही नाही. कितीतरी पुरुष माझ्याकडे "मला पाणी झेपत नाही" म्हणत आले आणि कारण फक्त मिशी होती. बाकी अंगात लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहताना घालायचा घट्ट शर्ट, घाला, पालथं पोहताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. २०१० साली अंदमानात मोठं ब्लीचिंग झालं, पाणी तापून उथळ भागातला बराच प्रवाळ मेला, त्यानंतरही ब्लीचिंगचे फटके बसलेत. एलिफंट बीचला मासे भरपूर दिसतील पण ब्रोशरमधल्यासारखी रंगीत बाग दिसेलच असं नाही. आधी सांगितलेलं बरं.

आता आठ दिवस कसे टाकायचे. इथे एक युक्ती आहे जी बहुतेक टूरवाले उलटी करतात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, आणि सेल्युलर जेल ते पहिल्या दिवशी ठेवतात. तुम्ही शेवटी ठेवा. कारण डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसता येत नाही, रक्तात आणि पेशींत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, विमानात हवेचा दाब कमी होतो आणि उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डायव्ह असेल तर निदान १२ तास, रोज दोन-दोन केल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं, मी पूर्ण दिवस धरायला सांगतो. हा थांबायचा दिवस तसाही तुम्हाला काढायचाच आहे, मग तो नवऱ्याच्या नावावर काढा. शिवाय समुद्र बिघडून फेरी रद्द झाली तर हाताशी एक दिवस राहतो, पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर केलेल्यांची फेरी रद्द झाली की विमानच चुकतं.

म्हणजे पहिला दिवस पुण्याहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे पोर्ट ब्लेअर, तिथे नुसती झोप. दुसऱ्या दिवशी सकाळच्या खासगी फेरीने हॅवलॉक, साधारण दीड-दोन तास लागतात, तिकिटं आधी काढा, फेब्रुवारीत मिळत नाहीत. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, तिकिटावर तेच असेल, गोंधळू नका. त्या दुपारी दोघं राधानगर बीच. तिसरा आणि चौथा दिवस तुमच्या डायव्ह. पाचवा दिवस पाण्याखाली काही नाही, दिवसभर बरोबर. सहाव्या सकाळी शेवटच्या दोन डायव्ह. सातव्या दिवशी सकाळच्या फेरीने परत, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच लाइट अँड साउंड शो. आठव्या दिवशी विमान. यात नील कोंबू नका, मला नील फार आवडतं तरी सांगतोय, प्रत्येक बेट वाढलं की अर्धा दिवस जेट्टीवर बॅगांशेजारी जातो.

जेलबद्दल एवढंच म्हणेन की मराठी माणसाला तिथे घाई करवत नाही. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, थोरले भाऊ बाबाराव पण त्याच जेलमध्ये. मूळच्या सात पाकळ्यांपैकी तीनच उभ्या आहेत, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला ती कोठडी. दुपार पूर्ण मोकळी ठेवा.

हॅवलॉकला राहायचं कुठे हा पुढचा प्रश्न. डायव्ह शॉप बहुतेक पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर, विजयनगर म्हणजे लोक ज्यांना तीन नंबर आणि पाच नंबर बीच म्हणतात तिकडे. राधानगर पश्चिमेला, दहा-बारा किलोमीटरवर. पूर्वेच्या किनाऱ्यावर नारळाची झाडं, झोपाळे, फोटो सगळं छान, पण ओहोटीला समुद्र लांबवर मागे जातो आणि खाली सगळा खडक आणि मेलेला प्रवाळ उघडा पडतो, पोहता येत नाही, पाय कापतो. लोक "बीचफ्रंट" म्हणून महागडी रूम घेतात आणि सकाळी दार उघडून चिखल बघतात. राधानगरला तसं होत नाही, स्वच्छ वाळूचा लांब किनारा आहे, २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅगही मिळाला. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरीचे बोर्ड आणि जीवरक्षक आहेत, दोन्ही मनावर घ्या, बोर्ड लावलेल्या टोकाच्या खाडीकडे पोहायला जायचं नाही.

तुमच्यासाठी मी पूर्वेलाच राहा म्हणेन, शॉपच्या पायी अंतरावर, म्हणजे तुमचा येण्याजाण्याचा तास वाचतो आणि तो तास दोघांना मिळतो. नवऱ्याला पहिल्याच दिवशी भाड्याची स्कूटर घेऊन द्या, स्कूटर त्याची, किल्ली त्याच्या खिशात. ज्याच्याकडे गाडी आहे तो अडकून पडलेला नसतो. भरती-ओहोटीची वेळ हॉटेलवर विचारून रोजच्या रोज लिहून ठेवा, ती दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आमच्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तो हिशोब इथे चालत नाही, अंदमानची भरतीची वेळ वेगळी.

मग त्याच्या तीन सकाळी अशा. एक सकाळ एलिफंट बीच, बोटीने जाता येतं पण जंगलातून चालत जायची वाट जास्त चांगली, गाइड घेऊन जायचं, पोहोचल्यावर त्या एक तासाच्या माणसाबरोबर स्नॉर्कलिंग. एक सकाळ खारफुटीतलं कयाकिंग, पाणी स्थिर असतं, लाइफ जॅकेट असतं, खोल पाण्याला घाबरणाऱ्यालाही जमतं. आणि एक सकाळ पूर्ण रिकामी, काळापत्थर बीचवर सूर्योदय, मग तीन नंबरच्या बाजारात नाश्ता. हॅवलॉकची बरीच वस्ती १९५० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची आहे, त्यामुळे बाजारात पुऱ्या-भाजी, मोहरीतला मासा, मिठाया, सगळा बंगाल मिळतो, आणि निवांत बसून लोकांशी गप्पा मारणाऱ्या माणसाला तो बाजार पुरतो. तुमचा नवरा कसला माणूस आहे ते तुम्हाला माहीत, एकटं फिरायला आवडतं की सोबत लागते, हे प्रामाणिकपणे ठरवा. सोबत लागणारा असेल तर ग्रुपवाल्या गोष्टी बुक करा.

पाचव्या दिवसासाठी एकच सुचवतो, रात्रीचं कयाकिंग. काळोख्या रात्री, अमावस्येच्या आसपास, वल्ह्याने पाणी हलवलं की ते निळसर चमकतं, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. चंद्र असेल तर दिसत नाही, म्हणून तारखा ठरवताना कालनिर्णय उघडून अमावस्या कधी आहे बघा. हे दोघांनाही पहिल्यांदाच असेल, त्यात कुणी डायव्हर नाही की कुणी किनाऱ्यावरचा नाही.

मालदीवबद्दल. फेब्रुवारी तिथे उत्तम, पाणी स्वच्छ, साऊथ आरीच्या बाजूला व्हेल शार्क वर्षभर दिसतात आणि ते पृष्ठभागाजवळ पोहतात, म्हणजे स्नॉर्कलिंगवाल्यालाही दिसतात. पण तिथे रिसॉर्ट म्हणजे अख्खं एक छोटं बेट, दहा मिनिटांत फिरून होतं, आणि तुमच्या नवऱ्याची तक्रार रिकाम्या वेळेची आहे. वाचत पडायला आवडणारा माणूस असता तर मी डोळे झाकून मालदीव म्हटलं असतं. तरी जायचंच ठरलं तर बुकिंगच्या आधी नकाशावर सॅटेलाइट व्ह्यू उघडा. बेटाभोवती फिकट निळं पाणी कुठे संपतं आणि गडद निळं कुठे सुरू होतं ते बघा. ती कड किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर असेल तर हाउस रीफ, म्हणजे रिसॉर्टच्या किनाऱ्यालगतचा प्रवाळ, चांगला, तुम्ही पायी जाऊन डायव्ह कराल. पण त्याच कडेवर आल्यावर खालचा तळ एकदम दिसेनासा होतो आणि खोलीला घाबरणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून त्याच बेटाच्या दुसऱ्या बाजूला रुंद उथळ लगून, म्हणजे प्रवाळाच्या आतलं शांत पाणी, हेही पाहिजे. दोन्ही असलेलं बेट शोधा, असतात. सीप्लेनचा प्रवासही विमानप्रवासच धरायचा, तेवढे तास आधी डायव्हिंग बंद.

आणि पुढे कधी पावसाळ्यात मालदीवला गेलात तर बा अटोल या बेटांच्या समूहातली हनिफारू बे लक्षात ठेवा. साधारण जून ते नोव्हेंबर मांटा रे नावाचे मोठे चपटे मासे तिथे खायला जमतात, आणि तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग. तुमच्यासारख्या जोडप्याला याहून बरी जागा नाही, तुमचं डायव्हिंगचं कार्ड तिथे कामाचं नाही, दोघं शेजारी शेजारी तरंगून तेच बघणार. पोहायची सवय मात्र लागते.

बाली फेब्रुवारीत नको, तिकडे तो पावसाचा काळ. जून ते सप्टेंबरमध्ये जा, डायव्ह न करणाऱ्यासाठी या तिघांत बाली सगळ्यात श्रीमंत आहे, देवळं, भातखाचरं, बाजार, खाणं. तुलांबेनला लिबर्टी नावाचं जहाज आहे, १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालेलं, किनाऱ्यावर आणून ठेवलेलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला तेव्हा पाण्यात सरकलेलं. किनाऱ्यापासून इतकं जवळ की बोट लागत नाही, गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. वरचा भाग पाचेक मीटरवर असल्यामुळे स्नॉर्कलिंगवाल्यालाही जहाजाचा सांगाडा दिसतो. तिथल्या बायका टँक डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरून अशा चालतात की आपण हात मोकळे असून अडखळतो, त्यांना मान द्या आणि टिप द्या. चूक एकच करू नका, डायव्ह करून त्याच दिवशी किंतामणीच्या डोंगररस्त्याने परत येऊ नका, तो साधारण दीड हजार मीटर उंचीवर जातो, नायट्रोजनला विमान काय आणि डोंगर काय सारखंच.

हेच आपल्या घरच्या रस्त्यालाही लागू आहे. मालवणला सकाळी दोन-तीन डायव्ह करायच्या आणि संध्याकाळी आंबोली घाट चढून पुण्याला, हे पुणे-कोल्हापूरचे लोक सर्रास करतात. करू नका, रात्र मालवणात काढा, सोलकढी प्या, सकाळी निघा.

मालवणचं नाव काढलंच तर, अंदमानच्या आधी डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस नवऱ्याला घेऊन मालवणला येऊन जा. तुमच्यासाठी नाही, आमच्याकडे पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं, चार-पाच मीटर दिसलं तरी चांगला दिवस. पण सिंधुदुर्ग किल्ला आहे, तारकर्ली-देवबागचा संगम आहे, आणि मास्क लावून श्वास घ्यायची सवय घराजवळ होते. "पंधरा मिनिटांत स्कूबा" वाल्या पॅकेजला त्याला लगेच टाकू नका. माझ्या ओळखीच्या एका पाहुण्याला असंच न शिकवता, कानाचा दाब कसा सोडायचा हे न सांगता खाली नेलं, आठवडाभर कान दुखत होता आणि तो माणूस कायमचा समुद्रापासून तुटला. त्याला कधी स्वतःहून करून बघावंसं वाटलंच तर आधी उथळ पाण्यात अर्धा तास सराव करून घेणारा इन्स्ट्रक्टर शोधा, आणि मेडिकल फॉर्म खरा भरा, दमा, फिट, हृदयाचं काही असेल तर लपवू नका. आणि त्याला नकोच असेल तर विषय काढू नका. नको म्हणजे नको.

इन्शुरन्सचं एका ओळीत, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं, अटी वाचा किंवा डायव्हर्सची वेगळी पॉलिसी घ्या. आणि तुमच्या पहिल्या चार डायव्ह सुरुवातीच्या दिवसांतच ठेवल्यात त्याचं एक कारण म्हणजे सर्दी, सर्दी झाली की कान उघडत नाहीत, डायव्ह रद्द करावी लागते, पुढे दिवस असतील तर भरून काढता येते.

शेवटचं, जे कुणी सांगत नाही. किनाऱ्यावरचा माणूस कंटाळतो त्याहून जास्त काळजी करतो. खाली नेमकं काय चाललंय हे त्याला माहीत नसतं, बोट अर्धा तास उशिरा आली की त्याच्या डोक्यात काय काय येतं. माझी बायको सुरुवातीची दोन वर्षं जेट्टीवर येऊन उभी राहायची, मला माहीतच नव्हतं, बोटवाल्याने सांगितलं. तेव्हापासून मी तिला परत यायची वेळ सांगताना एक तास वाढवूनच सांगतो, बाराला येणार असेन तर एक. तुम्हीही तसंच करा. पहिल्या डायव्हच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याला शॉपवर घेऊन जा, ज्याच्याबरोबर तुम्ही पाण्यात उतरणार त्या माणसाशी त्याची ओळख करून द्या, तुमचा रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा तोंडात देणारं उपकरण, त्याच्या हातात द्या, किती हवा असते, किती उरली की वर यायचं ठरलंय, दुसऱ्याची हवा संपली तर काय करतात, हे त्याला तिथेच दाखवा. शॉपचा नंबर त्याच्या फोनमध्ये आणि त्याचा शॉपच्या वहीत.

नवऱ्याला चष्मा आहे का, बोट लागते का, आणि फेब्रुवारीच्या कुठल्या तारखा, एवढं कळवा. त्या दिवसांची अमावस्या आणि ओहोटी बघून कुठल्या दोन सकाळी आधी डायव्ह टाकायच्या ते सांगतो.